वीज कोणाच्या मालकीची? ‘बेस्ट’ची वाटचाल आणि आपले हक्क

कष्टकऱ्याच्या घरात वीज ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. दिवा लागतो तेव्हा मुले अभ्यासाला बसतात, आईचे शिलाई मशीन चालते, रात्रपाळी करून आलेल्या माणसाला पंख्याखाली चार तास झोप मिळते. म्हणून ही वीज कोण पुरवते, तिचा मालक कोण आणि त्याच्याकडे आपण काय मागू शकतो, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे. मुंबईत कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत सुमारे दहा लाख ग्राहकांना वीज पुरवणारा ‘बेस्ट’ उपक्रम महापालिकेचा, म्हणजे शहराचा आहे. तो शहराचा कसा झाला, हे समजून घेण्यासारखे आहे.

घोड्यांच्या ट्रामपासून विजेपर्यंत

मुंबईत 9 मे 1874 रोजी पहिली ट्राम धावली. ती घोडे ओढत. विजेचा दिवा शहराने प्रथम 1882 मध्ये क्रॉफर्ड मार्केटात पाहिला. पण ते काम घेणारी कंपनी लवकरच बुडाली आणि बाजारात पुन्हा गॅसबत्ती आली. पुढे 1905 मध्ये इंग्लंडमध्ये ‘बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी’ नोंदवली गेली. वीज पुरवण्याचा आणि विजेवर ट्राम चालवण्याचा मक्ता तिला मिळाला. तिने वाडीबंदरला वीजघर उभारले. 7 मे 1907 रोजी विजेची पहिली ट्राम धावली आणि 15 जुलै 1926 रोजी पहिली मोटारबस सुरू झाली. हा सारा काळ कंपनीचा होता. नफा भागधारकांचा आणि दर भरणारा मुंबईकर.

मालकीचा प्रश्न

वीज खाजगी मालकीची असावी की सरकारी, हा प्रश्न त्या काळी देशापुढेही होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि विजेचे धोरण त्यांच्याच खात्याकडे होते. 25 ऑक्टोबर 1943 रोजी दिल्लीत सार्वजनिक बांधकाम व वीज धोरण समितीपुढे त्यांनी मालकीचा हाच प्रश्न मांडला. वीज खाजगी हातात राहिली तर लोकहितासाठी कोणत्या अटी घालायच्या, हेही त्यांनी विचारले. स्वस्त आणि मुबलक वीज नसेल तर उद्योग वाढणार नाहीत आणि उद्योग वाढल्याशिवाय दारिद्र्य हटणार नाही, असा त्यांचा विचार होता. 1944 मध्ये त्यांच्याच खात्याने केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन केले.

मुंबईने आपल्यापुरते उत्तर 7 ऑगस्ट 1947 रोजी दिले. स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी महापालिकेने ही कंपनी ताब्यात घेतली आणि ‘बेस्ट’ शहराची झाली. 31 मार्च 1964 रोजी शेवटची ट्राम धावली. वीज आणि बस मात्र एकाच छताखाली राहिल्या.

दिव्याच्या पैशावर बस

‘बेस्ट’ आज स्वतः वीज तयार करत नाही. ती मुख्यतः टाटांकडून वीज विकत घेते आणि सबस्टेशनांतून, जमिनीखालच्या केबलमधून घराघरांत पोहोचवते. या धंद्यात उरलेल्या पैशातून बसचा तोटा भरून काढण्याची रीत अनेक वर्षे चालली. बसचे तिकीट कष्टकऱ्यांच्या आवाक्यात राहिले, त्यामागे हे मोठे कारण होते. पुढे विजेच्या बिलातच बसच्या तोट्यासाठी वेगळा आकार लागू लागला. वीजग्राहकाने बसचा भार का सोसावा, असा वाद झाला आणि 2016 मध्ये ती वसुली थांबली. त्यानंतर बसची ओढाताण वाढली. जुलै 2019 मध्ये किमान भाडे 5 रुपये करण्यात आले होते. मे 2025 मध्ये ते 10 रुपये झाले.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. मालकी शहराची असली की दिव्याचा पैसा कुठे जावा, हे शहर ठरवू शकते. पण शहराने लक्षच दिले नाही, तर मालकी कागदावर राहते. आपल्या वॉर्डात मत मागायला येणाऱ्याला रस्ता आणि नळ यांबरोबर ‘बेस्ट’विषयीही विचारले पाहिजे.

हे हक्क लक्षात ठेवा

2003 च्या वीज कायद्याने ग्राहकाला काही हक्क दिले आहेत. ते पाठ असावेत.

वीजजोडणी घरमालकाप्रमाणेच जागेत राहणाराही मागू शकतो. त्यामुळे भाडेकरूनेही रीतसर अर्ज करावा. शेजाऱ्याच्या घरातून वायर ओढणे धोक्याचे आहे आणि अनेकदा महागही पडते.

बिल थकले तरी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय वीज तोडता येत नाही. बिल चुकीचे वाटत असेल तर निषेध नोंदवून पैसे भरता येतात. मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही.

तक्रार आधी आपल्या विभागाच्या कार्यालयात लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. तिथे दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे आणि त्यावर विद्युत लोकपाल आहे. पोच आणि जुनी बिले एका पिशवीत जपून ठेवा, वेळेला तोच पुरावा ठरतो.

युनिटचा हिशेब

एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट जळते. साठ वॅटचा जुना बल्ब रोज पाच तास लावला तर महिन्याला नऊ युनिट होतात. नऊ वॅटचा एलईडी दिवा तेवढाच वेळ लावला तर दीड युनिटही होत नाही. हा हिशेब घरातल्या शाळकरी मुलामुलींकडून करून घ्यावा. दर महिन्याला मीटरचा आकडा वहीत टिपून तो बिलाशी ताडून पाहण्याचे काम त्यांच्याकडेच सोपवावे. त्यांचे गणित पक्के होईल आणि चुकीचे बिल आले तर घरात सर्वांत आधी त्यांच्या लक्षात येईल.