तैलचित्राची हस्तचित्रित प्रतिकृती

पॅरिसचे लूव्र संग्रहालय 1793 साली जनतेस खुले झाले, तेव्हापासून तेथील अभिजात चित्रांसमोर ईझल मांडून त्यांची नक्कल उतरविण्याची परवानगी चित्रकारांस मिळत आली आहे. मात्र नकलेचा आकार मूळ चित्राहून भिन्न असावा आणि मूळ चित्रकाराची सही तीत उतरवू नये, असा तेथील दंडक आहे, व अस्सल आणि नक्कल यांमधील सीमा राखणारा हा दंडक मला अत्यंत न्याय्य वाटतो. आज दिवाणखान्यासाठी मिळणाऱ्या प्रतिकृतींपैकी पुष्कळशा चीनमधील शेन्झेनच्या दाफेन वस्तीतून येतात. 1989 साली हाँगकाँगहून आलेल्या हुआंग जियांग यांनी तेथे या धंद्याचा पाया घातला.

छापील चित्रात जे कधीच येत नाही, ते रंगाच्या थरांचे वैभव होय. जवसाच्या तेलात घोटलेला रंग पाणी उडून वाळत नाही, तर हवेतील प्राणवायू शोषून सावकाश घट्ट होतो. म्हणून आधी एकरंगी छायाप्रकाश, त्यावर अपारदर्शक रंग आणि अखेरीस पारदर्शक रंगाचे पातळ लेप, अशा क्रमाने, प्रत्येक थर सुकेपर्यंत धीर धरून जो काम करतो, त्याच्याच हातून उतरलेल्या रेम्ब्राँच्या प्रतिकृतीत अंधाराला खोली येते. जाड थर पुरते सुकण्यास कित्येक महिने लागतात, तेव्हा अखेरच्या वार्निशाची घाई करू नये.

खरेदीपूर्वी चित्र तिरप्या उजेडात अवश्य पाहावे. छापील कॅनव्हासवर नुसता पारदर्शक लेप ओढलेला असल्यास त्यातील फटकारे आकृतीच्या वळणाशी जुळत नाहीत. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर मात्र हस्तचित्रित प्रतिकृती टांगू नये. कॅनव्हास सैल पडतो आणि बुरशी धरते.