सूर्य, चंद्र आणि गाढव

अलिबागेहून रेवदंड्याकडे जाणारी सडक खाडी ओलांडून आक्षी गावात शिरली, की दोन्ही अंगांना नारळी-पोफळीच्या वाड्यांची जी सावली सुरू होते ती बराच वेळ प्रवाशाची सोबत सोडत नाही. आणि या सावलीच्या गुंगीमुळे म्हणा, की समुद्रदर्शनाच्या उतावळेपणामुळे म्हणा, मराठी भाषेच्या इतिहासातील एक अव्वल दर्जाचा दस्तऐवज या रस्त्याच्या कडेला वर्षानुवर्षे उभा असूनही त्याच्याकडे मान वळवून पाहणारे फारच थोडे निघाले. अलीकडे त्याच्या निगराणीची तजवीज झाली आहे, ही समाधानाची गोष्ट.

हा दगड ज्या जातीचा आहे तिला अभ्यासक गधेगाळ असे म्हणतात. वीरगळाशी त्याची गल्लत करण्याचा प्रघात आहे. पण वीरगळ हे मृताचे स्मारक होय, तर गधेगाळ ही जिवंत व्यवहाराची सनद होय. शिरोभागी सूर्य, चंद्र आणि बहुधा मंगलकलश. त्याखाली दानाचा मजकूर. आणि तळाच्या चौकटीत स्त्री आणि गर्दभ यांचे जे शिल्प असते, त्याचे सविस्तर वर्णन घराघरांत जाणाऱ्या दिवाळी अंकात करण्याचे प्रयोजन नाही. सूर्यचंद्र ही दानाची मुदत, म्हणजे हे इनाम आचंद्रार्क चालावे. आणि खालचे शिल्प हा कसुरीचा दंड. अपराध करणार तो पुरुष आणि विटंबना व्हायची त्याच्या मातेची, हा त्या काळचा न्याय आपल्याला असह्य वाटतो खरा, परंतु आजच्या नाक्यावरच्या भांडणातही न्यायदानाची तीच पद्धत चालू असल्यामुळे आपण त्या काळच्या शिलाहार राजांना फारसे दूषण देऊ शकत नाही. ‘शिवीगाळ’ या शब्दातील गाळ तोच, जो गधेगाळीतला.

आक्षीच्या लेखातील कालनिर्देश प्राचीन लेखांचे अभ्यासक शं. गो. तुळपुळे यांनी शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असा वाचला. आणि तो मानला तर उपलब्ध मराठी शिलालेखांत श्रवणबेळगोळच्या सुप्रसिद्ध लेखाच्याही आधी या दगडाचे स्थान लागते. लेखातील राजाचे नाव केशिदेव, आणि या नावाचे एकाहून अधिक राजे शिलाहारवंशात झाल्यामुळे हा लेख पुढच्या काळात नेणारेही विद्वान आहेत. तो वाद पंडितांनी खुशाल करावा. मला त्यातील मजकुराचेच अधिक अप्रूप वाटते. पश्चिम समुद्राचा अधिपती आणि कोकणचा चक्रवर्ती अशी भरजरी बिरुदे राजाला लावून झाल्यावर लेख जो विषय काढतो तो दिग्विजयाचा नव्हे, तर भइर्जू सेणुई या त्याच्या महाप्रधानाने महालक्ष्मीच्या बोडणासाठी नेमून दिलेल्या नऊ कुवली धान्याचा आहे. चक्रवर्ती गेला, त्याचे चक्रही गेले, कुवली हे माप आज कोणाच्या ओठावर राहिले नाही. पण दूध, दही, तूप आणि पुरण परातीत कालवून, हातांनी घुसळून बोडण भरणारी घरे कोकणस्थांत आजही आहेत, आणि आपल्या कुलाचाराचे नाव या रस्त्याकडेच्या दगडावर कोरलेले आहे, याची त्या घरांतील किती सुवासिनींना कल्पना असेल?

असे लेख उन्हाच्या भर प्रहरी वाचू जाल तर निराशाच पदरी पडते. सकाळचे किंवा दिवस कलतानाचे तिरपे ऊन दगडावरून सरकू लागले, म्हणजे अक्षरांच्या पोटात छाया भरते, आणि घटकाभरापूर्वी जो केवळ खडबडीत पाषाण होता त्याच्यावर ओळी उमटू लागतात. शिलालेखाचा ठसा घेणारे याच पोकळीचा उपयोग करून घेतात: दगड घासून स्वच्छ धुवावयाचा, ओला कागद त्यावर चिकटवून कुंचल्याने असा ठोकावयाचा की तो अक्षरांच्या खाचांत जाऊन बसावा, आणि मग शाईची गादी वरून हलकेच फिरवावयाची, सपाट भाग काळा होतो आणि अक्षरे पांढरी राहतात.

आक्षीला लागूनच असलेल्या नागावच्या शिळेवर काळाचा आणखी एक थर दिसतो. शके १२८९ चा, म्हणजे इ. स. १३६७ चा, हा लेख ठाणे-कोकणावर राज्य करणाऱ्या हंबीररावाच्या अमदानीतला असून त्यात शकाच्या जोडीला हिजरी ७६९ हा सनही नोंदला आहे. एकाच दगडावर दोन कालगणना शेजारधर्माने नांदतात. दप्तरातील फारसीचे पर्व कोकणच्या उंबरठ्यावर येऊन ठेपल्याची ही वर्दीच होय.

परंतु या सर्व कुळीत मला सर्वांत बोलका वाटतो तो परळचा लेख. शके ११०९, म्हणजे इ. स. ११८७ मध्ये शिलाहार अपरादित्याने षट्षष्टी, म्हणजे आपल्या साष्टी प्रांतातील माहवली गावच्या एका वाडीचे २४ द्रम्मांचे उत्पन्न वैद्यनाथ देवाच्या पूजेकडे लावून दिले. राजाची नामावळी आणि दानाचा तपशील हे सर्व संस्कृतात आहे. मात्र हे शासन लोपणाऱ्याला शाप देण्याची वेळ येताच लेखनिक देववाणी सोडून तडक मराठीवर येतो, आणि मराठीही अशी की छापखान्यातल्या खिळ्यांना घाम फुटावा. यात लेखनिकाचा असंस्कृतपणा नाही. पक्का व्यवहार आहे. दान देवाला आणि ब्राह्मणाला कळले तर ते संस्कृतात चालण्यासारखे होते. पण वाडीचे कुंपण रात्रीतून चार हात सरकवणारा जो शेजारी, किंवा उत्पन्न परस्पर गिळणारा जो अंमलदार, त्याच्यापर्यंत ताकीद पोचवायची तर ती त्याच्याच बोलीत पोचवणे भाग होते. आणि ज्याला अक्षरओळखही नव्हती त्याच्यासाठी गाढव होतेच.

परळची शिळा आज मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात सुरक्षित आहे. ऊन नाही, पाऊस नाही, शेंदराची पुटे नाहीत. तिने ज्या वाडीची राखण करावयाची ती वाडी मात्र केव्हाच इमारतींच्या पोटात गेली. सूर्यचंद्र शाबूत आहेत, म्हणजे सनदेची मुदत संपलेली नाही, आणि चोवीस द्रम्मांची बाकी कोणाच्या नावे टाकावी, हे सांगणारा महालकरी आता साष्टीत सापडावयाचा नाही.