ज्या दिंडीचे टाळ थांबत नाहीत

आज आपण बोलणार आहोत गटात काम करताना मनात दाबून ठेवलेल्या गोष्टींबद्दल.

समजा, आपल्या वेळापुरातल्या एका बचत गटाला उडदाच्या पापडाची मोठी ऑर्डर मिळाली आहे. सकाळपासून दहाजणी कामाला लागल्यात. पीठ भिजवताना एकीच्या लक्षात येतं, की आपल्या हातून पापडखार दोनदा पडला. ती तेव्हाच बोलली असती तर त्यात आणखी पीठ घालून माप सावरता आलं असतं. पण ती गप्प बसते. का? कारण मागच्या महिन्यात दुसरीनं पाकिटं मोजताना चूक केली, तेव्हा तिला सगळ्यांसमोर ऐकवलं होतं, "तुला एवढंही जमत नाही का?" हे हिनं पाहिलेलं असतं. मग पापड लाटले जातात, वाळतात, अकलूजच्या दुकानात पोचतात. तळल्यावर लाल पडतात, चव बिघडते, आणि सगळा माल परत येतो.

आता सांगा, नुकसान कशानं झालं? पापडखारानं, की भीतीनं?

अमेरिकेत एमी एडमंडसन नावाच्या अभ्यासक बाई आहेत. 1990 च्या दशकात त्यांनी दवाखान्यांमधल्या नर्स आणि डॉक्टरांच्या गटांचा अभ्यास केला. औषध देताना कोणत्या गटात किती चुका होतात, हे बघायचं होतं. वाटलं होतं, चांगल्या गटात चुका कमी निघतील. निघालं उलटंच. ज्या गटांत एकमेकांशी चांगलं जमत होतं, तिथे चुकांची नोंद जास्त होती! त्यांनी खोलात जाऊन पाहिलं, तेव्हा उलगडा झाला. त्या गटांत चुका जास्त होत नव्हत्या, त्या बोलून दाखवल्या जात होत्या. बाकीच्या गटांत झाकल्या जात होत्या. चूक सांगितली, शंका विचारली, मदत मागितली, तरी इथे माझा अपमान होणार नाही, असा जो भरवसा असतो, त्याला मानसशास्त्रात मानसिक सुरक्षितता म्हणतात.

शब्द मोठा वाटला तरी गोष्ट आपल्याला परकी नाही. दर वर्षी आषाढी वारीत माऊलींची पालखी वेळापूरला मुक्कामाला येते. तळावर होणारी समाज आरती तुमच्यापैकी अनेकींनी पाहिली असेल. सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा गजर चालू असतो. चोपदार चोप उंच धरतात आणि क्षणात सगळं शांत होतं. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, तर ती दिंडी टाळ थांबवत नाही, वाजवतच राहते. चोपदार स्वतः त्या दिंडीकडे जातात, काय झालं ते ऐकून घेतात. हरवलं-सापडलंही तिथेच पुकारलं जातं. मग आरती होते.

यात तीन गोष्टी आहेत बघा. तक्रारीची वेळ ठरलेली आहे. तक्रारीची खूण ठरलेली आहे, त्यामुळे टाळ वाजवणाऱ्या दिंडीला कुणी भांडखोर म्हणत नाही. आणि तिसरी गोष्ट सगळ्यात मोलाची. ज्याच्या हाती मान आहे, तो तक्रार असणाऱ्याकडे चालत जातो.

या तिन्ही गोष्टी आपल्या बैठकीत आणता येतात. बचत आणि परतफेड गोळा झाली, की दहा मिनिटं फक्त अडचणींसाठी ठेवा. अध्यक्षताईंनी, "कुणाला काही बोलायचं आहे का?" असं सगळ्यांना मिळून विचारू नये. त्यावर माना खालीच जातात. त्याऐवजी एकेकीला नाव घेऊन विचारावं, "या आठवड्यात तुला काय जड गेलं?" अध्यक्ष आणि सचिव यांनी आपलं मत शेवटी सांगावं, म्हणजे बाकीच्या त्यांच्या तोंडाकडे बघून बोलणार नाहीत. आणि कधी अध्यक्षताईंनीच सुरुवात करावी, "मागच्या वेळी बिल लिहिताना माझी चूक झाली." मोठीनं चूक कबूल केली, की धाकटीला धीर येतो.

चूक समोर आली, की "कुणी केलं?" हे आधी विचारू नका. "कसं झालं?" हे विचारा. मग कळतं, की पापडखार मोजायला ठरलेलं मापच नव्हतं, दोघी एकाच वेळी पीठ भिजवत होत्या. माप ठरवलं, घातल्याची खूण भिंतीवर केली, की पुढच्या वेळी तीच चूक होणार नाही. बाईला बोलून माप सुधारत नाही.

आणखी एक प्रयोग सांगते. 1950 च्या दशकात सॉलोमन अ‍ॅश यांनी लोकांना रेषांची लांबी ओळखायला सांगितलं. प्रश्न अगदी सोपा. पण बाकीच्यांना आधीच शिकवून ठेवलं होतं, की मुद्दाम चुकीचं उत्तर द्या. मग खरा माणूसही डोळ्यांना दिसतंय ते सोडून, साधारण तीनपैकी एका वेळी बाकीच्यांसारखंच चुकीचं उत्तर देऊ लागला. मात्र बरोबर बोलणारा एकच सोबती मिळाला, की हे प्रमाण खूप खाली आलं. एकच सोबती! म्हणून गटात एकटी बाई वेगळं बोलत असेल, तर तिचं पटो न पटो, एवढं तरी म्हणा, "तिचं पूर्ण ऐकू या."

आता त्यांचा विचार करू, ज्यांच्या हातात टाळच दिलेला नाही. दूरच्या वस्तीवरची बाई, मजुरीहून उशिरा येणारी, नव्यानं लग्न होऊन आलेली, सही न येणारी, नवरा नसलेली. गटाच्या हळदीकुंकवाला एकीला वगळायचं आणि दुसऱ्या दिवशी तिच्याकडूनच जोमानं कामाची अपेक्षा करायची, हे जमत नाही. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. गाव करू शकतं, तर दहाजणींचा गट का नाही करू शकत? बैठक दर वेळी एकाच आळीत नको, पाळीपाळीनं घ्या. वेळ मजुरीला जाणारीला विचारून ठरवा. हिशोब मोठ्यानं वाचून दाखवा, म्हणजे वाचता न येणारीलाही तो आपला वाटेल.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. सांभाळून घेणं म्हणजे नियम सोडणं नव्हे. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोब लेखन ही पंचसूत्री सगळ्यांना सारखीच. हप्ता थकला तर विचारायचंच. पण चारचौघींत पाणउतारा न करता, आधी घरी जाऊन विचारायचं. कदाचित कळेल, की घरात आजारपण आहे. मग मुदत ठरवून द्यायची आणि तशी नोंद इतिवृत्तात करायची. नियमही राहतो आणि बाईही राहते.

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीत एवढंच करून बघा. सगळं कामकाज आटपलं, की क्षणभर शांत बसा आणि आठवा, आज कोण एक शब्दही बोललं नाही? तिच्या शेजारी जाऊन बसा. टाळ वाजत नसला, तरी तिचं काहीतरी सांगायचं राहिलेलं असेल.