काळ्या पडद्यावर अडकलेला उबुंटू

लाइट गेली आणि संगणक चालू असतानाच बंद पडला. लाइट आल्यावर मात्र उबुंटू वर येईना. काळ्या पडद्यावर 'अनएक्स्पेक्टेड इनकन्सिस्टन्सी. रन एफएससीके मॅन्युअली' ही ओळ आणि खाली 'इनिट्रॅमएफएस' लिहून लुकलुकणारा कर्सर. अशा वेळी घाईने फॉरमॅट मारू नका. फाइली बहुधा जागेवरच असतात, बिघडलेला असतो तो त्यांचा हिशेब.

कोणती फाइल डिस्कच्या कुठल्या ब्लॉकमध्ये आहे, कोणते ब्लॉक रिकामे आहेत, याच्या नोंदी एक्स्ट४ ही फाइलसिस्टीम ठेवते. नोंदींतला बदल आधी जर्नलमध्ये, म्हणजे रोजकीर्दीत चढतो आणि मग मूळ जागी. त्यामुळे एरवी लाइट गेली तरी जर्नल वाचून सगळं काही क्षणांत जुळतं. सुरू होताना संगणक फक्त बिनधोक दुरुस्त्या आपणहून करतो. त्यापलीकडचं काही दिसलं, की थांबून तुम्हाला विचारतो.

काळ्या पडद्यावरच्या त्या संदेशात पार्टिशनचं नाव असतं, समजा एसडीए२. आधी 'एफएससीके -एन /डेव्ह/एसडीए२' ही आज्ञा छोट्या इंग्रजी अक्षरांत द्या. 'एन'मुळे डिस्कवर काहीच लिहिलं जात नाही, फक्त दोष दिसतात. ही पायरी बरेच जण गाळतात, पण सगळ्यात मोलाची हीच. रिकाम्या ब्लॉकांची संख्या चुकली, एवढंच दिसलं तर 'एन'च्या जागी 'वाय' घालून दुरुस्ती करा. 'आय/ओ एरर' दिसू लागलं किंवा डिस्क टकटक वाजत असेल, तर तिथेच थांबा. खुद्द डिस्कच जायला लागली असेल, तर दुरुस्तीच्या लिखाणाने नुकसान वाढू शकतं. लाइव्ह पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून आधी कामाच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर घ्या. फाइली मोलाच्या असतील, तर दोष किरकोळ असतानाही मी हेच सुचवेन.

दुरुस्ती पाच टप्प्यांत होते. ती संपली की 'एक्झिट' टाइप करा, म्हणजे संगणक पुढे सुरू होईल. एखादी फाइल सापडली नाही, तर 'लॉस्ट+फाउंड' फोल्डर उघडून बघा. नाव हरवलेल्या फाइली तिथे नुसत्या क्रमांकांनी ठेवलेल्या असतात. मात्र एफएससीके नोंदी जुळवतं, फाइलीच्या आतला अर्धवट लिहिलेला मजकूर त्याने परत येत नाही. आणि माउंट केलेल्या, म्हणजे वापरात असलेल्या पार्टिशनवर ही दुरुस्ती कधीही चालवू नका.

लाइट न जाताही हाच संदेश पुन्हा आला, तर 'स्मार्टसीटीएल'ने डिस्कची तब्येत तपासा. 'रीअलोकेटेड सेक्टर'चा आकडा वाढत चालला असेल, तर नवी डिस्क घ्या.