दवाखाना निवडताना डॉक्टरांबरोबर जिनाही बघा

तालुक्याच्या गावात एसटी स्टँडसमोर उभं राहून वर पाहिलं, की हल्लीचं चित्र लगेच कळतं. खाली मेडिकल, मोबाईलचं दुकान, शेजारी चहाची गाडी आणि वरच्या मजल्यावर 'मल्टिस्पेशालिटी हॉस्पिटल'ची मोठी पाटी. दहा-पंधरा खाटा, आयसीयू, ऑपरेशन थिएटर, सगळं एकाच मजल्यावर. पूर्वी ज्या उपचारांसाठी जिल्ह्याला पळावं लागायचं ते आता जवळ मिळतात, ही मोठीच सोय. पण यातल्या बऱ्याच इमारती मुळात दुकानं किंवा घरांसाठी बांधलेल्या असतात. अडचण तिथून सुरू होते.

गाळ्यात दवाखाना का?

हिशेब साधा आहे. स्टँडजवळची जागा महाग. नव्या डॉक्टरांवर मशिनरीचं कर्ज असतं. प्लॉट घेऊन स्वतंत्र इमारत बांधण्यापेक्षा तयार मजला भाड्याने घेणं परवडतं. मालकालाही दुकानांपेक्षा दवाखान्याचं भाडं खात्रीचं वाटतं. मग गाळ्यांमध्ये प्लायवूडचे पार्टिशन, वर पीओपीचं छत, एसी आणि काचा बसतात. रुग्णालय दिसायला चकाचक होतं. जिना, पॅसेज आणि वायरिंग मात्र अनेकदा जुनंच राहतं.

आगीपेक्षा धूर घातक

9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि 10 बाळं दगावली. यातली बहुतेक भाजून नव्हे, तर धुराने गुदमरून गेली. त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयात आयसीयूला आग लागून 11 रुग्णांचा मृत्यू झाला. ही दोन्ही सरकारी रुग्णालयं होती. म्हणजे धोका फक्त खासगी गाळ्यांतच असतो असं नाही.

आयसीयूत आग वेगाने का पसरते? साध्या हवेत ऑक्सिजन सुमारे 21 टक्के असतो. बंद खोलीत ऑक्सिजनची गळती झाली की हे प्रमाण वाढतं आणि गादी, पडदा, प्लास्टिक भराभर पेटतं. व्हेंटिलेटर, मॉनिटर, एसी दिवसरात्र चालू असतात. घरासाठी टाकलेल्या वायरिंगवर एवढा लोड आला की ती तापते. खिडक्या काच लावून बंद केलेल्या असल्या, तर धुराला बाहेर जायला वाटच उरत नाही. शिवाय नळ्या लावलेला रुग्ण स्वतः उठून पळू शकत नाही. त्याला कुणीतरी उचलूनच न्यावं लागतं.

म्हणून जिना महत्त्वाचा

राष्ट्रीय इमारत संहितेत रुग्णालयाचा पॅसेज 2.4 मीटर, म्हणजे जवळपास आठ फूट रुंद सांगितला आहे. समोरासमोरून दोन स्ट्रेचर सहज जावेत, हा त्यामागचा विचार. जिनाही दोन मीटर, म्हणजे साडेसहा फूट रुंद हवा. दुकानांच्या कॉम्प्लेक्समधला जिना बहुधा तीन-चार फुटांचा असतो. चार माणसांनी धरलेलं स्ट्रेचर त्याच्या वळणावर अडकतं. लिफ्ट असली तरी तिच्यात स्ट्रेचर मावतं का, हे बघावं लागतं. आणि आग लागल्यावर साध्या लिफ्टचा उपयोग नसतो.

रॅम्पचंही गणित आहे. एक फूट उंची चढायला बारा फूट लांब उतार लागतो. जोतं तीन फूट उंच असेल, तर छत्तीस फुटांचा रॅम्प हवा. जागा नाही म्हणून दहा फुटांतच उतार उरकला, तर व्हीलचेअर ढकलणाऱ्याचा दम निघतो आणि खाली येताना ती हातातून सुटते.

एसी म्हणजे ताजी हवा नव्हे

भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, आतलीच हवा गार करून फिरवतो. बंद हॉलमध्ये पन्नास माणसं नंबरची वाट बघत बसली आणि त्यात एक टीबीचा रुग्ण खोकत असला, तर तीच हवा सगळ्यांच्या नाकात जाते. जुन्या सरकारी दवाखान्यांना समोरासमोर मोठ्या खिडक्या आणि पुढे व्हरांडा असायचा, त्यामागे हेच कारण होतं. कोरोनानंतर हवा खेळती ठेवण्याकडे पुन्हा लक्ष दिलं जाऊ लागलं आहे.

नातेवाईकांनी काय पाहावं?

- बाहेर पडायला दोन वेगळे जिने आहेत का? दुसऱ्या जिन्याला कुलूप किंवा तिथे खोकी, सिलिंडर तर नाहीत?
- आग विझवायच्या नळकांड्यावरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का? त्यावरची तारीख उलटून गेली आहे का?
- आयसीयूची एखादी तरी खिडकी उघडते का?
- तळघरात रुग्ण ठेवले आहेत का?
- रुग्णवाहिका थेट दारापर्यंत येते, की समोर दुचाकी लावलेल्या असतात?
- नर्सिंग होम नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर आहे का? ही नोंदणी तीन वर्षांची असते, त्यामुळे मुदत वाचावी.

महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा द्यावा लागतो. तो 'फॉर्म बी' पाहायला मागण्यात गैर काही नाही. ग्रामीण भागातल्या खासगी रुग्णालयाबद्दल तक्रार असेल, तर ती जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात करता येते.

गावाच्या हातात काय?

सपाट भागात साधारण 5 हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि 30 हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा निकष आहे. डोंगरी व आदिवासी भागात तो 3 हजार आणि 20 हजार आहे. या इमारतींसाठी जागा बहुतेक वेळा गावच देतं. अनेकदा जी पडीक, कुणाच्या कामाची नाही, तीच दिली जाते. मग पावसाळ्यात ओढा आडवा येतो, रात्री रस्त्यावर दिवा नसतो आणि बाळंतीण तालुक्याला न्यावी लागते. जागा ठरते तेव्हाच ग्रामसभेत रस्ता, पाणी, वीज आणि रॅम्प यांवर बोललं, तर पुढचा त्रास वाचतो.

अपघात झाला, सर्पदंश झाला, तर जिना मोजायला कुणाकडे वेळ नसतो, तेव्हा जवळचा दवाखाना गाठणंच बरोबर. पण बाळंतपणाची तारीख माहीत असते, मोतीबिंदूचं किंवा हर्नियाचं ऑपरेशन आधी ठरलेलं असतं. अशा वेळी बाजाराच्या दिवशी एक चक्कर मारून यावी. डॉक्टर कसे आहेत ते चार लोकांना विचारावं, आणि जिना स्वतः चढून बघावा.