दोन वेळांचे जेवण आणि मधला चहा

लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी, नागपूरचे दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांच्या आधारे जी आहारपद्धती महाराष्ट्रभर पोचवली, तिचा गाभा अगदी थोडका आहे. कडकडून भूक लागते अशा दिवसातील दोन वेळा ओळखून तेव्हाच जेवावे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवावे आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावे.

यामागील उपपत्ती इन्सुलिनची आहे. स्वादुपिंडातील बीटा पेशींत तयार होणारे हे संप्रेरक, म्हणजे रक्तावाटे संदेश नेणारे द्रव्य, रक्तातील साखर पेशींत पोचवते आणि त्याच वेळी साठलेली चरबी बाहेर पडू देत नाही. त्यामुळे दिवसभर तोंड चालू राहिल्यास चरबी वापरली जाण्यास उसंतच मिळत नाही, असा हा युक्तिवाद आहे. तो पुष्कळसा ग्राह्य असला, तरी ५५ मिनिटांच्या हिशेबाला शरीरशास्त्राचा तितका भक्कम आधार नाही, कारण इन्सुलिन पहिल्या दहाएक मिनिटांत झपाट्याने स्रवते आणि पुढे रक्तातील साखर चढलेली असेपर्यंत स्रवतच राहते.

प्राग येथील २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दुसऱ्या प्रकारचा मधुमेह असलेल्या ५४ रुग्णांना सारख्याच उष्मांकांचा आहार १२ आठवडे सहा वेळांत आणि १२ आठवडे दोन वेळांत विभागून देण्यात आला, तेव्हा सहा वेळांच्या काळात सरासरी २.३, तर दोन वेळांच्या काळात ३.७ किलो वजन घटले. मात्र दोन्ही आहार रोजच्या गरजेपेक्षा सुमारे ५०० उष्मांकांनी कमी होते, आणि तेथील दोन वेळा म्हणजे न्याहारी व दुपारचे जेवण; मराठवाड्यातील भरपेट जेवण बहुधा रात्रीचे असते, हा फरक लहान नाही.

लातूर-नांदेडकडे या पद्धतीचा खरा लाभ बहुधा जेवणांच्या मधल्या खाण्यावर पडणाऱ्या कात्रीत आहे. दोन चमचे, म्हणजे सुमारे १० ग्रॅम, साखरेचा चहा केवळ साखरेतूनच ४० उष्मांक देतो. बसस्टँडवर, कचेरीत आणि पाहुणचारात मिळून असे पाच कप झाले, की २०० उष्मांक कोणाच्याही मोजदादीत न येता पोटात जातात, आणि त्यांच्या सोबतीची भजी निराळीच.

ताटाचाही प्रश्न उरतोच. या जिल्ह्यांत सोयाबीनने खरीप ज्वारीची जागा घेतली, रेशनवर गहू-तांदूळ आला आणि भाकरीच्या जोडीला चपाती व भात वाढले. ज्वारीत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते व ते तुरीत भरपूर असते, त्यामुळे भाकरी आणि वरण ही जोडी प्रथिनांच्या दृष्टीने उत्तम ठरते. परंतु ज्वारी हेही मुख्यतः पिष्टच असल्याने भाकरीने साखर वाढतच नाही, हा समज निराधार आहे.

वजनकाट्यावरही फार विसंबू नये. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले, की भारतीय अर्भके युरोपीय अर्भकांपेक्षा वजनाने कमी असूनही त्यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असते. भारतीय पुरुषांसाठी ९० व स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर कंबर ही धोक्याची मर्यादा मानली जाते; त्यांपैकी पुरुषांची मर्यादा युरोपीय पुरुषांच्या मर्यादेपेक्षा कमी ठेवलेली आहे. औषधांबाबतही सावध राहावे: इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी घेणाऱ्या रुग्णाने जेवणाच्या वेळा कमी केल्यास साखर एकाएकी धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, म्हणून औषधाच्या मात्रेचा फेरविचार डॉक्टरांकडून पहिल्या दिवसाआधीच व्हावा लागतो.