दीपा कर्माकरच्या कारकिर्दीचा मागोवा

दीपा कर्माकरने ७ ऑक्टोबर २०२४ रोजी स्पर्धात्मक जिम्नॅस्टिक्समधून निवृत्ती जाहीर केली, तेव्हा ती ३१ वर्षांची होती. ऑलिम्पिकमध्ये खेळलेली ती पहिली भारतीय महिला जिम्नॅस्ट. तिची बहुतेक मोठी पदके व्हॉल्ट या एकाच प्रकारातली आहेत.

तिचा जन्म ९ ऑगस्ट १९९३ रोजी त्रिपुरातील आगरतळा येथे झाला. वडील दुलाल कर्माकर भारतीय क्रीडा प्राधिकरणात वेटलिफ्टिंगचे प्रशिक्षक होते. सहाव्या वर्षी सराव सुरू झाला, तेव्हा तिचे तळपाय सपाट असल्याचे लक्षात आले. असे पाय उडी घेताना आणि जमिनीवर उतरताना अडचणीचे ठरतात. प्रशिक्षक बिश्वेश्वर नंदी यांनी त्यावर खास व्यायामाने मेहनत घेतली. २००८ मध्ये तिने कनिष्ठ राष्ट्रीय स्पर्धा जिंकली आणि २०११ मध्ये झारखंडमधील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत पाच सुवर्णपदके मिळवली.

पुढची दिशा ठरली ती गुणपद्धतीमुळे. जिम्नॅस्टिक्समध्ये कसरतीच्या काठिण्याचे आणि ती कितपत निर्दोष केली याचे गुण वेगवेगळे देऊन त्यांची बेरीज करतात. सफाईत आघाडीच्या देशांची बरोबरी करणे अवघड होते. काठिण्य वाढवून मात्र ती तफावत भरून काढता येत होती. म्हणून दीपाने ‘प्रोदुनोवा’ निवडली. रशियाच्या येलेना प्रोदुनोवाने १९९९ मध्ये रूढ केलेल्या या व्हॉल्टमध्ये हातांवर उसळी घेऊन हवेत पुढच्या दिशेने दोन कोलांट्या घ्याव्या लागतात. उतरताना जमीन शेवटपर्यंत दिसत नाही आणि अंदाज चुकला तर मानेवर पडण्याचा धोका असतो. दीपापूर्वी मोजक्याच महिलांनी ती स्पर्धेत यशस्वी केली होती.

या व्हॉल्टच्या बळावर २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत तिने कांस्यपदक पटकावले. राष्ट्रकुलमध्ये भारतीय महिला जिम्नॅस्टचे ते पहिलेच पदक. २०१५ मध्ये हिरोशिमातील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत कांस्य मिळाले आणि त्याच वर्षी जागतिक अजिंक्यपद स्पर्धेच्या अंतिम फेरीत ती पाचवी आली. एप्रिल २०१६ मध्ये रिओतील पात्रता स्पर्धेत ५२.६९८ गुण मिळवून तिने ऑलिम्पिकचे तिकीट मिळवले. १९६४ नंतर एकही भारतीय जिम्नॅस्ट ऑलिम्पिकमध्ये उतरला नव्हता.

१४ ऑगस्ट २०१६ रोजी रिओत व्हॉल्टची अंतिम फेरी झाली. पहिल्या व्हॉल्टला तिला १४.८६६ आणि प्रोदुनोवाला १५.२६६ गुण मिळाले. १५.०६६ च्या सरासरीने ती चौथी आली. स्वित्झर्लंडच्या जूलिया श्टाइनग्रूबरने १५.२१६ गुणांसह कांस्य घेतले. दीपाचे पदक ०.१५० गुणांनी हुकले. त्याच वर्षी तिला खेलरत्न, तर नंदी यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. २०१७ मध्ये ती पद्मश्रीची मानकरी ठरली.

२०१७ मध्ये गुडघ्याच्या अस्थिबंधावर शस्त्रक्रिया करावी लागली. त्याच वर्षापासून लागू झालेल्या नव्या नियमावलीत प्रोदुनोवाचे काठिण्यगुण ७.० वरून ६.४ वर आले. जोखीम तीच राहिली, मोबदला घटला. तरीही जुलै २०१८ मध्ये तुर्कस्तानातील मेर्सिन येथे वर्ल्ड चॅलेंज कपमध्ये तिने व्हॉल्टचे सुवर्ण जिंकले आणि नोव्हेंबरमध्ये जर्मनीतील कॉटबस विश्वचषकात कांस्य मिळवले. २०१९ च्या बाकू विश्वचषकात गुडघा पुन्हा दुखावला आणि टोकियो ऑलिम्पिक हुकले.

ऑक्टोबर २०२१ मध्ये घेतलेल्या तिच्या नमुन्यात हायजेनामाइन हे प्रतिबंधित द्रव्य आढळले. त्याबद्दल तिच्यावर २१ महिन्यांची बंदी आली. ती १० जुलै २०२३ रोजी संपली.

मे २०२४ मध्ये ताश्कंद येथील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत दीपाने १३.५६६ गुणांसह व्हॉल्टचे सुवर्णपदक जिंकले. या स्पर्धेत भारताला मिळालेले ते पहिले सुवर्ण. पॅरिस ऑलिम्पिकची पात्रता मात्र तिला गाठता आली नाही. निवृत्तीच्या वेळी रिओतील तिचे चौथे स्थान हीच ऑलिम्पिक जिम्नॅस्टिक्समधील भारताची सर्वोत्तम कामगिरी होती.